मापात पाप नको: सगळे दात एकदम बसवताना ऑपरेशनच्या खुर्चीतच स्कॅन कसा घेतात

ऑक्टोबरमध्ये धंतोलीतल्या एका क्लिनिकमध्ये केस होती. काटोलकडचे काका, संत्र्याची बाग आहे त्यांची, वरचे सगळे दात हलत होते, जे उरले होते तेही वाचण्यासारखे नव्हते, म्हणून सगळे काढून चार इम्प्लांट टाकायचे ठरले होते. सकाळी साडेनवाला आत घेतलं, बारापर्यंत चारही इम्प्लांट बसले, आणि तरी काका काही बाहेर येईनात. त्यांचा मुलगा पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत होता. मी चार्जर घ्यायला बाहेर आले तर त्यानं मलाच धरलं, "ताई, इम्प्लांट बसले म्हणून सांगितलं, मग आता आत काय करून राहिले? काही गडबड तर नाही न जी?" मी म्हटलं गडबड काही नाही, माप घेऊन राहिले. तो म्हणे, "एवढा वेळ? स्कॅन तर आता दोन मिनिटात होते म्हणतात."

उभ्या उभ्या सांगता आलं तेवढं सांगितलं त्याला, पण तेवढ्यानं त्याचं समाधान झालं नाही आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. म्हणून आता नीट बसून लिहितेय. मी डॉक्टर नाही. मी डेंटल लॅबमध्ये कॉम्प्युटरवर दात डिझाईन करते, नागपुरातून आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून स्कॅनच्या फाईली येतात, त्यावर मी दात बनवते, आणि पूर्ण जबड्याची केस असली की शक्यतो मी स्वतः क्लिनिकमध्ये जाऊन उभी राहते. कारण त्या अर्ध्या तासात जे माप घेतलं जातं त्यावर पुढचं सगळं उभं असतं, आणि ते चुकलं तर नंतर लॅबमध्ये कितीही सुंदर दात केले तरी उपयोग शून्य.

या कामाला फुल आर्च म्हणतात, आधी ते म्हणजे काय ते पटकन सांगते. जबड्यातले सगळे दात गेले म्हणून प्रत्येक दाताला एक असे इम्प्लांट कोणी टाकत बसत नाही, चार ते सहा टाकतात आणि त्यांच्यावर पूर्ण ओळीचा एकच सलग ब्रिज स्क्रूनं आवळून बसवतात. काढ-घाल करायची कवळी वेगळी, हा पेशंटला स्वतःला काढताच येत नाही. इम्प्लांट म्हणजे हाडात बसणारा टायटॅनियमचा स्क्रू. हाड टायटॅनियमला घट्ट धरून बसतं ही गोष्ट स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आली ती १९५० च्या दशकात, सशाच्या हाडावर प्रयोग करताना, आणि १९६५ साली त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. चार इम्प्लांटवर अख्खा जबडा पेलायचा ही पद्धत नंतर पोर्तुगालच्या पाउलो मालो यांनी लिस्बनमधून रूढ केली. त्यात पुढचे दोन इम्प्लांट सरळ आणि मागचे दोन तिरपे असतात, अगदी ४५ अंशापर्यंत तिरपे, कारण वरच्या जबड्यात मागे सायनसची पोकळी येते आणि खालच्यात नस. आता तिरप्या स्क्रूवर सरळ ब्रिज कसा बसणार, तर मध्ये मल्टी युनिट अबटमेंट नावाचा छोटा जोडतुकडा लावतात, तो तिरपेपणा खाऊन टाकतो. ब्रिज बसतो तो या जोडतुकड्यांवर, म्हणजे माप हवं ते यांचं.

आणि माप किती नेमकं हवं? घरातला चौरंग डुगडुगत असेल तर आपण एका पायाखाली कागदाची घडी सारतो आणि पूजा मांडतो. ब्रिजचं तसं नाही. त्याचा एक पाय अधांतरी असला तरी तो डुगडुगणार नाही, कारण वरून स्क्रू आवळला की ब्रिज ओढला जाऊन खाली बसतो, डोळ्याला सगळं ठीकच दिसतं, आणि ती ओढ मात्र आत साठून राहते, दिवसरात्र, चावताना आणि झोपेतही. आपल्या खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंची एक गादी असते, दात त्यात किंचित सरकतो आणि ताण सोसून घेतो. इम्प्लांटला ती गादी नाही, तो थेट हाडात रुतलेला, तो सरकून जागा करून देत नाही. मग काय होतं, स्क्रू सारखा ढिला पडतो, कधी तुटतो, ब्रिजला चीर जाते. ताज्या इम्प्लांटचं तर अजून नाजूक, हाड अजून धरलेलं नाही, अशात तो साधारण दीडशे मायक्रॉनपेक्षा जास्त हलत राहिला तर हाडाऐवजी भोवती मऊ तंतू भरतात आणि इम्प्लांटच हातचा जातो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. म्हणजे आपण एकदोन केसांच्या जाडीची गोष्ट करतोय, आणि ती मोजायची कुठे, तर रक्तानं भरलेल्या तोंडात.

पूर्वी हे माप ट्रेमध्ये मसाला भरून घ्यायचे, आजही घेतात आणि चांगल्या हातात ते उत्तमच येतं. पण चार जोडतुकड्यांवर कोपिंग नावाचे माप उचलणारे तुकडे लावायचे, ते एकमेकांना रेझिननं, म्हणजे घट्ट होणाऱ्या प्लास्टिकनं, बांधायचे, रेझिन घट्ट होताना आकसतं म्हणून ते मध्ये कापून परत जोडायचे, मग ट्रे तोंडात धरून मसाला सेट होईपर्यंत थांबायचं, आणि हे सगळं अडीच तासांच्या ऑपरेशननंतर, ताज्या टाक्यांवर. एक आजी त्या ट्रेनं इतक्या घाबरल्या होत्या की त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. म्हणून डिजिटल स्कॅन आला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

पण स्कॅनर काय करतो ते समजून घ्या, म्हणजे दोन मिनिटांची गोष्ट इथं का चालत नाही ते कळेल. तोंडात फिरवायचा स्कॅनर म्हणजे जाड मार्करएवढा छोटा कॅमेरा, तो एका वेळी एकदोन दातांएवढाच भाग बघतो, भराभर फोटो घेत जातो आणि प्रत्येक फोटो आधीच्या फोटोला जोडत जातो. मोबाईलवर पॅनोरामा काढतो ना आपण, अगदी तसंच. अंबाझरी तलावाच्या पाळीवर उभं राहून पॅनोरामा काढून पाहा. झाडं, माणसं, चहाची टपरी असेल तिथं फोन बरोबर जोडतो, आणि नुसतं पाणी आलं की गोंधळतो, कारण इकडचं पाणी आणि तिकडचं पाणी सारखंच, कुठला तुकडा कुठं लावू त्याला समजत नाही. दात असलेल्या तोंडात उंचवटे, खाचा, फटी असतात म्हणून स्कॅनर वाट चुकत नाही. दात नसलेला जबडा म्हणजे नुसतं पाणी. गुळगुळीत, ओली, गुलाबी हिरडी आणि तिच्यात एकमेकांपासून लांब उभे चार खांब, म्हणजे आपले जोडतुकडे.

त्यात जोडताना झालेली बारीक चूक पुढच्या जोडात उतरते, तिची पुढच्यात. उजव्या दाढेपासून निघालेला स्कॅनर डाव्या दाढेपर्यंत पोचतो तोवर या सगळ्या चुका गोळा झालेल्या असतात. प्रत्येक खांब वेगवेगळा बघितला तर सुंदर दिसतो, पण पहिल्याचं चौथ्यापासूनचं अंतर चुकलेलं असतं, आणि ब्रिजला नेमकं तेच अंतर हवं असतं.

यावरचा उपाय सांगताना मला नेहमी आपला नागपूरचा झिरो माईल आठवतो. तिथं खांबाच्या आवारात जीटीएसचा, म्हणजे ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेचा १९०७ सालचा बेंचमार्क दगड आहे. सर्व्हेवाले टेपाला टेप जोडत देशभर मोजत गेले असते तर चुका वाढतच गेल्या असत्या, म्हणून त्यांनी पक्के ठिपके ठरवले आणि लांबची जागा दोन ठिकाणांहून एकदम बघून, कोन मोजून, त्रिकोणाच्या हिशोबानं तिचं स्थान काढलं. दातांच्या कामात हेच करणारं यंत्र आहे, त्याला फोटोग्रामेट्री म्हणतात. विमानातून काढलेल्या फोटोंवरून नकाशे करायचे त्याच विद्येचं हे नाव. यात कॅमेरा तोंडाच्या बाहेर असतो, चेहऱ्यासमोर थोड्या अंतरावर धरतात, त्याला एकापेक्षा जास्त डोळे असतात, आणि चारही जोडतुकड्यांवर ठिपक्यांची नक्षी असलेले खुंट्यासारखे तुकडे लावलेले असतात. प्रत्येकाची नक्षी वेगळी, त्यामुळे कोणता कुठला ते यंत्राला लगेच समजतं. तो चारही खुंट्या एकदम बघतो आणि त्यांची एकमेकांपासूनची जागा आणि तिरपेपणा हिशोबानं काढतो. जोडत जोडत जाण्याचा प्रश्नच उरत नाही. हिरडीवर रक्त असलं तरी याला फरक पडत नाही, फक्त ठिपके पुसलेले पाहिजेत.

मग प्रश्न मिटला का? नाही, कारण या यंत्राला फक्त त्या चार जागा कळतात. हिरडी कुठं आहे, जुने दात कुठं होते, खालचे दात कुठं येऊन टेकतात, यातलं काहीच त्याला माहीत नाही. म्हणून एक स्कॅन पुरत नाही, वेगवेगळ्या वेळी घेतलेले तीन-चार तुकडे लागतात आणि ते नंतर लॅबमध्ये एकमेकांवर बसवावे लागतात. काकांच्या मुलाला बाहेर थांबून जो वेळ वाटत होता तो या तुकड्यांचा होता.

त्या दिवशी कसं झालं ते सांगते. पहिला स्कॅन ऑपरेशनच्या दोन दिवस आधीच घेतला होता, वरचे हलणारे दात, खालचे दात, दोन्ही मिटून चावा, आणि हसऱ्या चेहऱ्याचे फोटो. हा चावा आधीच घ्यायचा, कारण भूल दिल्यावर जबडा बधिर असतो, माणूस कुठंही मिटतो, आणि दात काढल्यावर तर मिटायला काही उरतच नाही. नवे दात किती लांब असावेत, ओठाखाली किती दिसावेत, हे सगळं मला या जुन्या स्कॅनवरून ठरवायचं असतं.

पण गंमत अशी की ऑपरेशननंतर त्या स्कॅनमधलं काहीच तोंडात शिल्लक राहत नाही. दात गेले, हाड थोडं घासून सपाट केलं, हिरडी उलगडून परत शिवली. मग आधीचा स्कॅन आणि नंतरचा स्कॅन एकमेकांवर बसवायचे कशाच्या आधारानं? वरच्या जबड्यात टाळूवर पुढच्या बाजूला वळ्या असतात, जीभ फिरवली तर आत्ताही लागतील तुम्हाला, त्या लवकर बदलत नाहीत, त्यांचा आधार घेता येतो. पण हिरडी उलगडताना टाळूकडचा भाग उचलला तर त्याही जराशा सरकतात, आणि खालच्या जबड्यात तर वळ्या नसतातच. म्हणून भूल चढल्यावर, पण दात काढायच्या आधी, डॉक्टरांनी काकांच्या हाडात तीळाएवढ्या डोक्याचे चार बारीक स्क्रू बसवले, इम्प्लांटच्या वाटेत येणार नाहीत अशा जागी आणि एका रेषेत नसतील असे. तीनही चालतात, चौथा यासाठी की एखादा ऑपरेशनमध्ये हलला तर तीन उरावेत. मग त्या स्क्रूंसकट दातांचा स्कॅन घेतला. हेच आपले झिरो माईल. शेवटपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही, शेवटच्या स्कॅनमध्ये ते परत दिसले की आधीचं तोंड आणि नंतरचं तोंड मला एकावर एक ठेवता येतं. स्कॅन झाला की ते काढून टाकतात.

इम्प्लांट बसले, जोडतुकडे ठरलेल्या जोरानं आवळले, आणि तिथून आमची धावपळ सुरू. खुर्चीवरचा मोठा दिवा बंद, कारण त्याचा झोत स्कॅनरच्या प्रकाशात मिसळतो. स्कॅनरचं टोक आधी गरम होऊ द्यायचं, नाहीतर श्वासानं आरशावर वाफ धरते. एक माणूस सक्शन धरून, एक ओठ आणि गाल ओढून. ठिपकेवाले खुंटे लावले, पुसले, बाहेरून फोटोग्रामेट्री दोनदा घेतली आणि दोन्ही फाईली जुळतात का ते मी तिथंच लॅपटॉपवर पाहिलं. मग ते काढून स्कॅन बॉडी नावाचे दुसरे तुकडे, तोंडातल्या स्कॅनरला जोडतुकड्यांची जागा दाखवणारे, लावले, टाके घालून हिरडी जागेवर आली होती, आता तोंडातला स्कॅनर आत. हा स्कॅन उद्यावर टाकता येत नाही, तासागणिक सूज चढते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सगळ्यात जास्त असते, आणि सुजलेल्या हिरडीवर केलेले दात सूज उतरल्यावर अधांतरी दिसतात.

त्यात काकांचं तोंड पूर्ण उघडत नव्हतं. वीस वर्षं खर्रा. आपल्याकडे हे सांगायची गरज नाही, सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून दिवसभर गालात, गाल आतून दोरीसारखा घट्ट होत जातो. नॉर्मल माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी मावतात, काकांच्या जेमतेम दोन, आणि स्कॅनर मागच्या दाढेपर्यंत न्यायचाय. हळूहळू, थांबत थांबत, रक्त टिपून परत. स्कॅनर एका ठरलेल्या वाटेनं फिरवायचा असतो, आधी वरून, मग टाळूकडून, मग गालाकडून, मध्येच उलटसुलट गेलं तर तो हरवतो. जिथं दोन खांबांमधली हिरडी फारच सपाट असते तिथं त्याला ओळखू यावं म्हणून काही डॉक्टर आडव्या पंखासारख्या स्कॅन बॉडी लावतात, त्या एकमेकांच्या जवळ येतात आणि मधलं 'पाणी' कमी होतं. फोटोग्रामेट्री यंत्र नसेल तिथं हा चांगला मार्ग आहे, पण मग प्लास्टरचा किंवा रेझिनचा एक पडताळणीचा साचा तोंडात बसवून बघितल्याशिवाय ब्रिज करू नये असं माझं ठाम मत आहे.

वेळ खरा लागला तो चौथ्या जागी. सगळे तुकडे लावल्यावर डॉक्टरांनी एक्स-रे काढला, आणि मागच्या उजव्या स्कॅन बॉडीखाली केसासारखी काळी रेघ. हिरडीचा बारीक कोपरा चिमटला होता. तुकडा काढला, हिरडी बाजूला केली, परत लावला, परत एक्स-रे, परत स्कॅन, आणि फोटोग्रामेट्रीसुद्धा परत, कारण तेव्हाही तो चिमटलेलाच असेल तर? वीस मिनिटं गेली. बाहेर मुलाचा जीव टांगणीला.

ती रेघ मी विसरू शकत नाही याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका केसमध्ये माझ्या स्क्रीनवर तशीच सावली होती. तिथं एक्स-रे काढलेला नव्हता, फोनवर घाई चालली होती, आणि मला वाटलं रक्त असेल. सॉफ्टवेअरनं काही तक्रार केली नाही, करणारच नाही, कारण तुकड्याचा आकार बरोबरच होता, तो फक्त वर उचललेला होता. दुसऱ्या दिवशी ब्रिज तोंडात गेला, डॉक्टरांनी एका टोकाचा एकच स्क्रू आवळला आणि दुसऱ्या टोकाकडे बघितलं. ही साधी जुनी परीक्षा आहे, माप बरोबर असेल तर दुसरं टोक आपोआप चिकटून बसतं. तिथं नख जाईल एवढी फट होती. सुजलेल्या तोंडानं त्या बाईंना परत खुर्चीत आडवं व्हावं लागलं, परत सगळं माप, आणि त्या एका शब्दानंही कोणाला बोलल्या नाहीत. तेव्हापासून रेघ दिसली की मी फोन करते, रात्रीचे अकरा असले तरी.

अजून एक, जे लॅबवाल्यांशिवाय कोणी बोलत नाही. बरेच स्कॅनर गाडीतून एका क्लिनिकहून दुसऱ्या क्लिनिकला जातात, आणि नवतपात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, आपल्याकडे बंद गाडीत काय होतं ते माहीत आहे. तापमान बदललं, धक्के बसले की स्कॅनरचं कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमापाची जुळणी, हलतं. एसीत थोडा वेळ ठेवून, कॅलिब्रेट करून मगच वापरायचा, हे पाच मिनिटांचं काम आहे.

काकांच्या फाईली दुपारी दोनला माझ्याकडे आल्या. जुना स्कॅन आणि नवा स्कॅन चार बारीक स्क्रूंवर जुळवले, नव्या स्कॅनवर फोटोग्रामेट्रीच्या जागा बसवल्या, स्कॅनरच्या आणि फोटोग्रामेट्रीच्या जागांमध्ये दोन टोकांना फरक होताच, तिथं फोटोग्रामेट्रीवर विश्वास ठेवला. रात्री डिझाईन, रात्रीच प्रिंट, दुसऱ्या दिवशी दुपारी तात्पुरते दात तोंडात. एक स्क्रू, आणि दुसऱ्या टोकाला फट नाही. डॉक्टरांनी काही न बोलता माझ्याकडे बघून मान हलवली. काकूंनी काकांकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

तुमच्या घरी कोणाचं असं काम ठरलं असेल तर डॉक्टरांना आधीच मोकळेपणानं विचारा, चारही जागांचं माप एकदम बघणारं यंत्र आहे का, नसेल तर पडताळणीचा साचा घेणार का, आणि स्कॅन बॉडी बसल्याचा एक्स-रे काढणार का. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि आत वेळ लागत असेल तर लागू द्या.

हे दात तात्पुरते आहेत हेही लक्षात ठेवा. हाड धरायला वरच्या जबड्यात साधारण चार ते सहा महिने जातात, तोवर मऊ भात, वरण, खिचडी, आणि खर्रा बंद, तो जखम भरू देत नाही. काकांनी आठव्या दिवशीच सांबारवडी मागितली म्हणून मुलाचा फोन आला होता, नाही म्हणून सांगितलं. त्या काळात हिरडी आकसून तिचा आकार बदलतो, म्हणून झिर्कोनिया नावाच्या कडक सिरॅमिकच्या कायमच्या दातांसाठी सगळं माप नव्यानं. बागेतली मृग बहाराच्या संत्र्यांची तोड आटोपली की मार्चच्या शेवटी यायचं ठरलंय. तेव्हा रक्त नसेल, टाके नसतील, सूज नसेल, काम अर्ध्या वेळात होईल. एक्स-रे मात्र चारही जागांचा तेव्हाही काढायचा, डॉक्टरांशी तसं बोलून ठेवलंय.